बागेतील जीवसृष्टीसाठी कार्यालयीन श्रमदान : कोल्हापुरातील कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या कार्यालयातील, कारखान्यातील किंवा बँकेतील सहकाऱ्यांना सोबत घेऊन एखाद्या बागेत पक्षी, फुलपाखरे, मधमाश्या आणि इतर लहानमोठ्या जीवांसाठी श्रमदान करावे, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. कोल्हापूरचा पाऊस, इथली माती आणि इथल्या कामाच्या वेळा डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे दिली आहेत.

हे श्रमदान म्हणजे वृक्षारोपणच ना?

वृक्षारोपण हा त्याचा एक भाग आहे आणि बऱ्याच बागांत तो सर्वांत निकडीचा भाग नसतो. बागेत वस्ती करणाऱ्या जीवांना अन्न, पाणी, लपायला जागा आणि पिल्ले निर्धास्त वाढवता येतील असा कोपरा लागतो. यांपैकी काय कमी आहे ते आधी पाहावे आणि तेवढेच पुरवावे. एखाद्या बागेत झाडे भरपूर असतात, पण एप्रिलमध्ये प्यायला पाणी नसते. दुसरीकडे हिरवळ सुरेख राखलेली असते, पण ती सतत कापली जात असल्यामुळे आणि तिच्यावर कीटकनाशक मारले जात असल्यामुळे तिथे नाकतोडाही टिकत नाही. म्हणून पहिल्या भेटीत कुदळ-फावडे न नेता वही आणि पेन्सिल न्यावी, सकाळी लवकर बाग नुसती फिरून पाहावी आणि कोणता जीव कुठे दिसला ते लिहून घ्यावे, असा आमचा आग्रह आहे. पाने न जाळणे, वाळलेले खोड उभे ठेवणे, गवताचा एक पट्टा न कापणे ही न करण्याची कामे खड्डे खणण्याइतकीच मोलाची आहेत आणि एखाद्या तुकडीच्या उत्साहाला तीच अधिक अवघड जातात.

जागा कोणती निवडावी?

शक्य असेल तर आपल्याच आवारापासून सुरुवात करावी, कारण तिथे रोज जाणे होते आणि लावलेले रोप सुकले तर दुसऱ्याच दिवशी लक्षात येते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतील भूखंडांवर कुंपणाच्या कडेने जी पडीक पट्टी राहते, ती या कामासाठी फार चांगली असते. महावीर उद्यान, हुतात्मा पार्क किंवा रंकाळ्याचा परिसर यांसारख्या सार्वजनिक जागी काम करायचे असेल, तर महानगरपालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि तिथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माळ्यांशी आधी बोलावे. कोणत्या ढोलीत पिंगळा राहतो आणि कोणत्या कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी साचते, हे त्यांना ठाऊक असते.

रंकाळ्यासारख्या तळ्याच्या काठी एक विशेष काळजी घ्यावी लागते. केंदाळ काढणे हे उपयुक्त काम आहे; परंतु काठावरचे पाणकणीस आणि लव्हाळे त्याच झपाट्यात उपटले जातात. जांभळी पाणकोंबडी आणि इतर पाणपक्षी त्याच दाटीत घरटी करतात, म्हणून पावसाळ्यात त्याला हात लावू नये.

औद्योगिक वसाहतीतील जमिनीत झाडे जगतच नाहीत. काय करावे?

अशा भूखंडांवर बहुधा मुरमाचा भराव असतो आणि फाउंड्रीच्या परिसरात त्यात ओतकामातून उरलेली वाळूही मिसळलेली असते. ही जमीन पाणी धरत नाही आणि तिच्यात सेंद्रिय अंश जवळपास नसतो. त्यामुळे खड्डा निदान दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा, निघालेला भराव परत आत न टाकता बाहेरची पोयट्याची माती आणि कुजलेले शेणखत भरावे, आणि आळ्यावर उसाच्या पाचटाचे जाड आच्छादन घालावे. आपल्या जिल्ह्यात पाचटाची वाण नाही. शेतात ते पेटवले जाण्यापेक्षा आपल्या आळ्यात आले, तर ओल टिकते, जमीन थंड राहते आणि पाचट कुजताना गांडुळे व असंख्य किडे तिथे वस्तीला येतात. त्या किड्यांसाठी दयाळ आणि साळुंक्या येतात. पाचट खोडाला अगदी चिकटवून लावू नये, चार बोटे अंतर सोडावे.

पंचगंगेच्या काठच्या जागांचा प्रश्न उलटा आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जिथे पाणी चढले तिथे करंज, उंबर, जांभूळ आणि वाळुंज ही नदीकाठची झाडे निवडावीत, कारण काही दिवस पाण्यात उभे राहणे त्यांना मानवते.

कोणती झाडेझुडपे लावावीत?

शोभेच्या परदेशी झाडांपेक्षा आपल्या मातीतली झाडे इथल्या जीवांना जास्त उपयोगी पडतात, कारण इथले कीटक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच पानांवर वाढत आले आहेत. मोठी जागा असेल तर उंबर अवश्य लावावा. उंबराला वर्षातून अनेकदा फळे धरतात, त्यामुळे इतर झाडे रिकामी असतानाही तांबट, बुलबुल, कोकीळ, राखी धनेश आणि रात्री वटवाघळे यांना तिथे खायला मिळते. वड, पिंपळ, उंबर ही झाडे भिंतीपासून आणि जलवाहिनीपासून चांगली दूर लावावीत. लहान आवारात त्यांचा मोह टाळावा.

निवड करताना बारा महिने कुठले ना कुठले फूल किंवा फळ असेल असे पाहावे. हिवाळा सरताना पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात व शिंजीर, साळुंकी, बुलबुल असे कितीतरी पक्षी त्यांच्यातील मध पिण्यासाठी गर्दी करतात. उन्हाळ्यात बहावा आणि आपले राज्यफूल असलेला ताम्हण फुलतो. झुडपांमध्ये अडुळसा, निरगुडी, धायटी, कोरांटी आणि कढीपत्ता घ्यावा. तुळशीची रांग लावली तर मधमाश्या दिवसभर तिच्यावर असतात.

रोपे सामाजिक वनीकरण विभागाच्या किंवा ओळखीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. राधानगरी-दाजीपूरच्या रानातून रोपे उपटून आणण्याचा विचार कोणी मांडला तर तो तिथेच थांबवावा. ते अभयारण्य आहे, २०१२ पासून जागतिक वारसास्थळ ठरलेल्या पश्चिम घाटाचा ते भाग आहे आणि तिथून वनस्पती काढून आणणे हा गुन्हा आहे.

फुलपाखरांसाठी फुले लावली, तरी फुलपाखरे फार दिसत नाहीत. असे का?

फुलपाखरू मध फुलातून पिते, पण अंडी ठरावीक झाडाच्या पानांवरच घालते, आणि ते झाड जवळपास नसेल तर ते मध पिऊन निघून जाते. लिंबाळी आणि बहुरूपी ही फुलपाखरे लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर वाढतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले नीलवंतही लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालते. पडीक जागेतील रुईवर नारिंगी पंखांच्या आणि काळ्या-पांढऱ्या टोकांच्या फुलपाखराच्या पट्टेदार अळ्या असतात, म्हणून सगळी रुई तण समजून काढू नये. बहाव्यावर आणि टाकळ्यावर पिवळी फुलपाखरे वाढतात, पानफुटीच्या जाड पानात एका लहान फुलपाखराची अळी आतून खात जाते, आणि कुंपणाच्या खोट्या अशोकावर हिरव्या ठिपक्यांचे चपळ फुलपाखरू अंडी घालते.

याचा अर्थ असा की पाने कुरतडलेली दिसणे हे या बागेत यशाचे लक्षण आहे. कढीपत्ता अर्धा खाल्लेला दिसला म्हणून फवारणी केली, तर आपणच बोलावलेले पाहुणे आपण मारतो. स्वयंपाकघरासाठी एक झाड आणि अळ्यांसाठी दुसरे, अशी सरळ वाटणी करावी.

पालापाचोळा झाडून काढला नाही तर आवार अस्वच्छ दिसेल, असे वरिष्ठ म्हणतात. त्यांना काय सांगावे?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आदराने द्यावे. वाटा, प्रवेशद्वार, गाड्या लावण्याची जागा हे सारे रोज झाडले जावे; मात्र ती पाने जाळू नयेत आणि कचऱ्याच्या गाडीतही भरू नयेत. कचरा उघड्यावर जाळण्यास नियमांनी मनाई आहेच. झाडांच्या खाली आणि कुंपणाच्या कडेला पानांचा वितभर जाड थर राहू द्यावा. या थरात बेडूक उन्हाळा काढतात, सापसुरळ्या राहतात, पतंगांचे कोष असतात, आणि भारद्वाज तिथेच चोच घालून भक्ष्य शोधतो. राखलेल्या पट्टीच्या कडेला दगडांची एक नीटस ओळ लावली आणि 'ही जागा जीवसृष्टीसाठी राखलेली आहे' अशी छोटी पाटी उभी केली, की बघणाऱ्याला ही हयगय नसून योजना आहे हे समजते. आमच्या मते ती पाटी हा या कामातला अत्यंत फायदेशीर खर्च आहे.

वाळलेल्या खोडाचेही तसेच आहे. ते कोणाच्या अंगावर पडण्याचा धोका नसेल तर उभे ठेवावे. तांबट मऊ झालेल्या लाकडातच ढोली कोरतो आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे दुसरे पक्षी राहायला येतात. भुंगेही वाळक्या लाकडात घर करतात. वाळवीच्या भीतीने हे लाकूड इमारतीला टेकवून मात्र ठेवू नये.

पाचोळा ठेवला तर साप येतील. त्याचे काय?

साप येऊ शकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आहेत, आणि धामण, दिवड, नानेटी असे बिनविषारी साप त्यांच्यापेक्षा अधिक वेळा नजरेस पडतात. साप मुख्यतः उंदीर-बेडकांच्या मागे येतो. डब्यातले उष्टे अन्न आणि भंगाराचा ढीग इमारतीजवळ असेल, तर पाचोळा नसला तरी तो येईल. म्हणून राखलेली पट्टी इमारतीपासून, वाटेपासून आणि मुले खेळतात त्या जागेपासून लांब असावी आणि उष्टे उघड्यावर टाकू नये.

काम करताना प्रत्येकाच्या पायात घोट्याच्या वर येणारे बूट आणि हातात जाड मोजे असावेत. पाचोळा, विटा किंवा पत्रा हलवण्याआधी लांब काठीने चाळवावा. जिथे दिसत नाही तिथे हात घालू नये. अंधार पडल्यावर काम करू नये. साप दिसला तर सर्वांनी मागे सरावे, एकाने लांबून लक्ष ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा माहितीच्या सर्पमित्राला कळवावे. साप मारणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि मारायला जाताना दंश होण्याचा धोका फार असतो. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. अंगठी व घड्याळ काढावे, तो अवयव न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात न्यावे. श्रमदानाला निघण्यापूर्वीच जवळचे रुग्णालय आणि तिथे नेण्यासाठीचे वाहन ठरलेले असावे.

पाण्याची भांडी ठेवली तर डास होतील का?

पाणी बदलले नाही तर नक्कीच होतील. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून भांडे एक दिवसाआड रिकामे करून, घासून, पुन्हा भरले की धोका राहत नाही. शाहूपुरीच्या किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत मातीची उथळ परळ मिळते, ती सर्वांत चांगली. पाणी दोन इंचांहून खोल नसावे, आत एक-दोन दगड ठेवावेत म्हणजे मधमाश्या आणि फुलपाखरे बुडत नाहीत, आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी परळ ठेवावी.

कायमचे छोटे तळे करायचे असेल तर एक बाजू उतरती असावी. डासांसाठी त्यात गप्पी मासे सोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे, परंतु असे मासे बेडकांची अंडी आणि लहान पिल्लेही खातात. जिथे बेडूक हवे आहेत तिथे चतुर या उडत्या कीटकाच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्यांवर भरवसा ठेवावा. त्या डासांच्या अळ्या खातात.

चिमण्यांसाठी लाकडी घरटी वाटावीत का?

वाटून विसरायची असतील तर वाटू नयेत. घरट्याचे भोक सव्वा इंचाचे असावे. ते दोन इंचांचे झाले की साळुंकी ती जागा घेते. घरटे आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा लागणार नाही असे, पंख्यापासून दूर टांगावे. बांधणीला उघडता येणारी बाजू असावी, म्हणजे विणीचा हंगाम संपल्यावर ते साफ करता येते. मोठी चिमणी दाणे खात असली तरी ती पिल्लांना अळ्या आणि मऊ किडे भरवते, म्हणून जिथे सतत फवारणी होते तिथे घरटे टांगून उपयोग नाही.

पक्ष्यांना काय खायला घालावे?

बाजरी आणि तांदळाच्या कण्या थोड्या प्रमाणात चालतील. पाव, फरसाण, चिवडा, मीठ घातलेला शिजलेला भात देऊ नये. उंबर आणि काटेसावर लावणाऱ्या तुकडीला रोज दाणे टाकण्याची गरज पडत नाही.

इमारतीवर आग्या माश्यांचे पोळे आहे. ते काढावे का?

ते दरवाजापासून आणि वर्दळीपासून लांब असेल तर राहू द्यावे. आग्या माश्या हंगामानुसार जागा बदलतात आणि बऱ्याचदा पोळे आपोआप रिकामे होते. धूर करणे, दगड मारणे, औषध फवारणे हे प्रकार जिवावर बेततात. धोकादायक जागी असलेले पोळे जाणकाराकडूनच हलवावे. मधपेट्या ठेवायची हौस असेल तर सातेरी मधमाशी ही आपल्या डोंगरी भागातली पाळीव जात आहे, आणि भुदरगड तालुक्यातील पाटगाव मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. मात्र आवारात वर्षभर फुलोरा नसेल तर पेटी आणू नये.

एकट्याने राहणाऱ्या रानमाश्यांना विसरू नये. त्यांच्यापैकी कित्येक जमिनीत बीळ करतात, म्हणून उन्हाच्या जागी हातभर जमीन उघडी, न खणता, न झाकता सोडावी.

फांद्यांची छाटणी कधी करावी?

बहुतेक बागपक्ष्यांची वीण फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत चालते, म्हणून हलकी छाटणी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात उरकावी. पोपट आणि घुबडे मात्र हिवाळ्यातच ढोलीत अंडी घालतात, तेव्हा ढोली असलेल्या फांदीला हिवाळ्यातही हात लावू नये. पावसापूर्वी विजेच्या तारांखालच्या फांद्या काढणे अटळ असते. त्या आधी एकाने खालून नीट निरखून घरटे आहे का ते पाहावे आणि असल्यास तेवढी फांदी पिल्ले उडेपर्यंत थांबवता येईल का, असे विचारावे. झाड तोडायचे असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी बंधनकारक आहे.

उंदरांसाठी विष ठेवले तर चालेल का?

चालणार नाही. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला तर घुबडही मरते, आणि उंदीर आटोक्यात ठेवणारा आपला बिनपगारी रखवालदार आपण गमावतो. सापळे वापरावेत आणि अन्न झाकून ठेवावे.

कोणत्या दिवसांत कोणते काम घ्यावे?

लागवड मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर, वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल ओसरून जमीन नुसती ओलसर राहिल्यावर घ्यावी. वळवाच्या एका सरीवर विसंबून मे महिन्यात रोपे लावली तर ती हमखास वाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटावे. त्याने अंगाला खाज सुटते आणि दमा बळावतो, म्हणून मोजे आणि तोंडाला रुमाल हवा, आणि ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांना हे काम देऊ नये. गवताचा राखीव पट्टा पावसाळ्यात कापू नये, कारण मुनिया त्याच्या बियांवर जगतात. हिवाळा हा कुंपणे, घरटी आणि पाट्या करण्याचा काळ आहे. फेब्रुवारी ते मे या काळात केवळ पाणी घालायचे असते. छायाचित्र काढण्याजोगे त्यात काही नसते, पण रोपे जगतात ती याच कामामुळे.

एका वेळी पंधरा-वीस माणसे पुरे. पन्नास जण एका लहान बागेत शिरले की जमीन तुडवली जाते आणि घरटी सोडून पक्षी उडतात. ज्या कारखान्यांना सोमवारी सुट्टी असते त्यांनी सकाळी सात ते दहा ही वेळ ठेवावी. नाश्ता पत्रावळीवर घ्यावा आणि पाणी पिंपातून प्यावे.

ज्यांना कष्टाचे काम जमत नाही त्यांनी काय करावे?

नोंदी ठेवणे हे या उपक्रमातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि ते बाकावर बसून होते. पक्ष्यांची नोंद ई-बर्ड या संकेतस्थळावर आणि इतर जीवांची आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर करता येते. फेब्रुवारीतील जागतिक पक्षिगणनेचे चार दिवस आपल्या आवारात जरूर साधावेत. रोपवाटिका सांभाळणे, पाट्या रंगवणे, पाणी देण्याचे वेळापत्रक लावणे ही कामेही कोणीतरी मनापासून करावी लागतात.

पिल्लू खाली पडलेले सापडले तर?

पंख फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू बहुधा उडायला शिकत असते आणि आईवडील जवळच असतात. त्याला झुडपात ठेवून दूर व्हावे. पिसे न आलेले पिल्लू घरट्यात परत ठेवता आले तर ठेवावे, माणसाचा वास लागला म्हणून पक्षी त्याला टाकत नाहीत. जखमी पक्ष्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, पाणी न पाजता ठेवून १९२६ वर कळवावे. पोपट घरी पाळू नये, तो गुन्हा आहे.

कार्यालयाच्या इमारतीत काही बदल करावेत का?

मोठ्या काचांवर बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या लावाव्यात, म्हणजे पक्षी आरपार वाट समजून आदळत नाहीत. रात्री बागेकडचे दिवे बंद ठेवावेत किंवा जमिनीकडे वळवावेत. दिवाळीतील दिव्यांच्या माळा झाडांवर महिनोन्‌महिने राहू देऊ नयेत आणि पाट्यांसाठी खोडात खिळे ठोकू नयेत.

हा खर्च सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीत दाखवता येतो का?

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना पर्यावरण आणि वनस्पती-प्राणी संरक्षणावरील खर्च त्यात धरता येतो. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची रक्कम काढून ती मात्र त्यात दाखवता येत नाही. तपशील आपल्या लेखापालाकडून तपासून घ्यावा.

काम यशस्वी झाले हे कसे ओळखावे?

किती रोपे लावली हा आकडा फारसे काही सांगत नाही. पहिल्या भेटीत केलेली नोंद जपून ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी त्याच वाटेने, त्याच वेळी फिरून पुन्हा नोंद करावी. दुसऱ्या उन्हाळ्याअखेर किती रोपे जिवंत आहेत, लिंबावर अळ्या दिसतात का, पहिल्या पावसात बेडूक ओरडतात का, घरट्यात पिल्ले झाली का, हे त्या वहीत असावे. कमी दिसले तरी तेच लिहावे, कारण पुढच्या वर्षीचे काम त्यावरून ठरते.

श्रमदानाचा दिवस संपल्यावर जबाबदारी कोणाची?

हे दिवस ठरवण्याआधीच ठरलेले असावे. निदान तीन उन्हाळे पाणी देता येईल इतकीच रोपे लावावीत. प्रत्येक विभागाकडे ठरावीक रोपे द्यावीत, पाण्याची पाळी हजेरीच्या फलकाशेजारी लावावी, आणि बदली झाली किंवा कोणी निवृत्त झाले तर त्याची पाळी कोणाकडे गेली हे त्याच कागदावर लिहावे. सुरक्षारक्षक आणि माळी यांना पहिल्या बैठकीपासून बोलवावे, कारण मे महिन्यातल्या रविवारी आवारात तेच असतात. परळीतील पाणी आणि रोपांचे पाणी यांची किल्ली, नळ आणि झारी कुठे आहे, हे निदान चार जणांना माहीत असावे.